हँक विल्यम्सचीं गाणीं

अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यापाड्यांतून वाढलेल्या 'कंट्री' संगीताचें नांव काढतांच आमचे कांहीं सुशिक्षित वाचक नाक मुरडतात, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांनीं हँक विल्यम्सचीं चारदोन गाणीं लक्ष देऊन ऐकावींत.

तथापि त्याच्या चाहत्यांचें म्हणणेंहि आम्हांस पटत नाहीं. त्याचें चरित्र करुण आहे खरें : १९२३ सालीं अलाबामांत जन्म, पाठीच्या कण्याची जन्मजात व्याधि, तिच्या जोडीस मद्य व मॉर्फीन, ऑगस्ट १९५२ मध्यें नॅशव्हिलच्या विख्यात 'ग्रँड ओल ऑप्री' कार्यक्रमांतून हकालपट्टी, आणि १९५३ च्या पहिल्याच दिवशीं, जलशासाठीं प्रवास करीत असतां, मोटारींत मृत्यु. वय अवघें २९. या हकीकतीवर अश्रु ढाळून लोक त्याच्या गाण्यांस मोठें म्हणतात. पण अलाबामांत दुःखी माणसें काय थोडीं होतीं ?

त्याचें मोठेपण रचनेंत आहे. १९४९ सालचें 'आय'म सो लोन्सम आय कुड क्राय' घ्या. चारच कडवीं. रानपक्षी, मध्यरात्रींची आगगाडी, ढगाआड गेलेला चंद्र, निखळणारा तारा. दृष्टि सारखी बाहेरच फिरत राहते. जिच्या वियोगाचा हा शोक, तिचा उल्लेख येतो तो शेवटच्या कडव्यांत, आणि तोहि ओझरता. वियोग कशामुळें झाला, दोष कोणाचा, याविषयीं एक अक्षर नाहीं. आमचे पदवीधर कवि एवढेंच सांगावयास पंचवीस कडवीं खर्चितात ! 'ल्यूक द ड्रिफ्टर' या टोपणनांवानें त्यानें जीं उपदेशपर कथनें ध्वनिमुद्रित केलीं, त्यांत मात्र हा संयम सुटतो व प्रवचनकार पुढें सरसावतो. तीं आम्हांस फिकीं वाटतात.

१९५१ सालीं टोनी बेनेट या शहरी गायकानें त्याचें 'कोल्ड, कोल्ड हार्ट' भरगच्च वाद्यवृंदासह गाइलें आणि तें देशभर गाजलें. गांवढळ साज उतरविला तरी गाणें ताठ उभें राहिलें. २०१० सालीं त्यास मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला, तोहि गीतरचनेच्या कारागिरीसाठींच.

ही कारागिरी सर्वस्वीं एकट्याची नव्हे. त्याचा प्रकाशक फ्रेड रोझ हा स्वतः मुरलेला गीतकार. तो हँकच्या गीतांवर संस्कार करी. त्याहूनहि जुनें ऋण रूफस पेन या कृष्णवर्णी रस्त्यावरील गवयाचें. लहानग्या हँकला त्यानें गिटार शिकविली; मोबदला म्हणून त्याची आई पेनला जेवूं घाली, असें सांगतात. हँकच्या आवाजांतील 'ब्लूज'ची कळ कोठून आली, हें यावरून उमगतें. परंतु शिष्यानें गुरूचें नेमकें काय उचललें व स्वतःचें काय घातलें, हा निवाडा करूं गेल्यास टीकाकाराचे हात बांधले जातात; कारण पेन १९३९ सालींच वारला आणि त्याच्या आवाजाची एकहि तबकडी उपलब्ध नाहीं.