ताईमहाराज-प्रकरण आणि आमचें चरित्रवाङ्मय

कांहीं दिवसांपूर्वीं अकोल्यास एका व्याख्यानास जाण्याचा योग आला. विषय अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हा होता. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानें प्रश्न केला, “औरंगाबादेस दत्तविधान खरोखर झालें होतें काय?” वक्त्यांनीं “झालें असें प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें आहे” असें उत्तर दिलें, टाळ्या पडल्या आणि सभा उठली. प्रश्न करणारा मात्र जागच्या जागीं उभा होता. काय घडलें तें त्याला हवें होतें. त्याला सांगण्यांत आलें कोण जिंकलें तें. या प्रकरणावर मराठींत जें लेखन आम्हीं वाचलें आहे, त्यांतील बराच भाग याच मासल्याचा आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजीं पटकीनें वारले. मृत्युपत्रांत त्यांनीं व्यवस्था पाहण्यास जे गृहस्थ नेमले, त्यांत टिळक व खापर्डे हे होते. टिळक त्या वेळीं राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यांत नुकतेच जामिनावर सुटलेले. मित्रकार्य अंगावर घेण्यास याहून अडचणीची वेळ शोधूनही सांपडली नसती. मागें राहिलेल्या ताईमहाराज विशीच्या आंतील. पतीच्या पश्चात् झालेला मुलगाही लवकरच गेला. १९०१ च्या जून महिन्यांत औरंगाबादेस जगन्नाथ नांवाचा मुलगा दत्तक घेण्यांत आला, असें टिळक-खापर्डे यांचें म्हणणें. पुढें ताईमहाराजांचें मन पालटलें. जुलैंत त्यांनीं मृत्युपत्राचें प्रोबेट रद्द करण्याविषयीं अर्ज केला आणि ऑगस्टांत कोल्हापूरच्या शाखेंतील बाळामहाराज यांस दत्तक घेतलें. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनीं १९०२ सालीं प्रोबेट रद्द केलें व त्यांतूनच टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला उभा राहिला. १९०३ सालीं १८ महिने सक्तमजुरी, अपिलांत ती ६ महिने, आणि ४ मार्च १९०४ रोजीं हायकोर्टांत सुटका. दिवाणी दावा निराळाच चालला होता. तो १९०६ सालीं पुण्याच्या कोर्टांत टिळकांच्या बाजूनें, १९१० सालीं, टिळक मंडालेस असतां, हायकोर्टांत विरुद्ध, आणि २६ मार्च १९१५ रोजीं प्रिव्ही कौन्सिलांत पुन्हां बाजूनें सुटला.

चरित्रकार एवढें सांगून, सत्याचा जय झाला म्हणून थांबतात. आम्हांस वाटतें, वाचण्यासारखें जें आहे तें या तारखांच्या पलीकडेच आहे. टिळक, खापर्डे प्रभृति साक्षीदारांस अविश्वसनीय ठरवितांना हायकोर्टानें त्यांच्या पूर्वीच्या जबान्यांचा आधार घेतला होता. या जबान्या आधींच्या कामांतून गठ्ठ्यानेंच दाव्याच्या दप्तरांत आलेल्या. त्यांतील हें वाक्य आणि आजचें तें वाक्य यांचा मेळ कसा बसतो, असें साक्षीदारास पिंजऱ्यांत असतांना नेमकें विचारलेलें नव्हतें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें १४५ वें कलम असें आहे कीं, साक्षीदाराचें पूर्वीचें लेखी म्हणणें त्याला खोडण्याकरितां वापरावयाचें असेल, तर त्यांतला तेवढा भाग उलटतपासणींत त्याच्यापुढें ठेविला पाहिजे. लॉर्ड शॉ यांनीं दिलेल्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालांत याच चुकीवर बोट ठेविलें आहे. खुलाशाची संधि न देतां, जुना कागद काढून, माणसाला खोटा म्हणतां येत नाहीं.

हा नियम तांत्रिक वाटतो. तो तसा नाहीं. आमच्या घरांत “मुलगा ठरला” असें आपण सहज म्हणतों. दत्तकाच्या संबंधांत या दोन शब्दांचा अर्थ मुलगा पसंत झाला असा होतो, बोलणें पुरें झालें असा होतो, आणि क्वचित् विधि उरकला असाही होतो. अशी जबानी मराठींत द्यावी, न्यायाधीशानें तिचें टिपण इंग्रजींत घ्यावें, आणि पांच वर्षांनीं दुसऱ्या न्यायाधीशानें तें वाचून अर्थ लावावा, अशी कल्पना केली म्हणजे १४५ व्या कलमाची गरज कळते. तो १८७२ चा कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. १४५ वें कलम तेथें १४८ वें झालें, तत्त्व मात्र राहिलें. ‘टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ हा निकाल वकील आजही दाखवितात. राजद्रोहाच्या कलमाशीं टिळकांचें नांव जोडलेलें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें; या दुसऱ्या कलमाशीं जोडलेलें फक्त वकिलांस ठाऊक आहे, ही आमच्या चरित्रवाङ्मयाची तोकडी बाजू म्हणावी लागेल.

अकोल्याच्या त्या तरुणास उत्तरही याच कायद्यांत सांपडलें असतें. समोर आलेल्या गोष्टींचा विचार करून, शहाण्या माणसानें जी घडली असें धरून चालावें इतकी संभवनीय, ती गोष्ट कायदा ‘शाबीत’ म्हणतो. याहून अधिक त्याचें म्हणणें नाहीं. शिवाय जें शाबीत झालें नाहीं तें खोटेंच, असेंही तो म्हणत नाहीं. १९०४ च्या सुटकेनें टिळकांविरुद्धचा गुन्हा टिकला नाहीं; दत्तविधानाचा प्रश्न १९१५ पर्यंत वादांतच होता. हे दोन निकाल चरित्रांतून एकाच श्वासांत सांगितले जातात.

आतां आमच्या टीकालेखनाकडे पाहूं. न. चिं. केळकर स्वतः वकिली केलेले, टिळकांचे निकटचे सहकारी. दादासाहेबांचें चरित्र त्यांचे चिरंजीव बाळकृष्ण यांनीं लिहिलें. दोघेही न्यायाच्या भाषेंत हितसंबंधी साक्षीदार आहेत. अशा साक्षीदाराला कायदा हांकून देत नाहीं, जपून ऐका म्हणतो. आम्ही एक तर त्यांना डोक्यावर घेतों, नाहीं तर “घरचेच ते” म्हणून बाजूला सारतों. खापर्ड्यांच्या रोजनिशीचें तर विचारूंच नये. १९११-१२ च्या शिरडीच्या मुक्कामांतील नोंदी घ्या. पहाटेची प्रार्थना, आरती, भेटीस आलेलीं माणसें, पंचदशीचें वाचन, असा तो दिनक्रम आहे. भाविकांस त्यांत चमत्कार शाबीत झालेले दिसतात. संशयी लोकांस राजकारण सोडून दडून बसलेला वकील दिसतो. राजकारणाविषयीं नोंद नाहीं यावरून मनांत राजकारण नव्हतें, किंवा तें मुद्दाम लपविलें, यांपैकीं कांहींच निघत नाहीं. मेलेला माणूस पिंजऱ्यांत येऊं शकत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें खुलाशाचा शोध टीकाकारानेंच घेतला पाहिजे. टिळक-खापर्डे यांना ही संधि लंडनमध्यें कां होईना मिळाली.

ताईमहाराजांना ती अजून मिळालेली नाहीं. त्या १९०३ सालींच वारल्या. दिवाणी दाव्याचा पहिला निकालही त्यांनीं पाहिला नाहीं. आमच्या चरित्रांत त्या बहुधा एकाच वाक्यांत उरकल्या जातात: दुसऱ्यांच्या सांगण्यावरून मन फिरलें. हें वाक्य त्यांच्यापुढें ठेवून त्यांना कोणी विचारलें? त्या काळच्या हिंदु कायद्याप्रमाणें दत्तक येतांच इस्टेटीचा धनी तो मुलगा होई आणि विधवेकडे पोटगी उरे. औरंगाबादेहून परततांना हें त्यांना कोणी समजावून सांगितलें होतें कीं नव्हतें? बरें, हीच भीति असेल तर दुसरा दत्तकही त्यांना तेथेंच नेऊन ठेवीत होता. तेव्हां केवळ मालमत्तेच्या लोभानें उलगडा होत नाहीं. मग आपल्या घरांत कोणाचें मूल यावें हें आपण ठरवावें, एवढेंच त्यांना हवें होतें काय? ॲस्टनसाहेबांचा टिळकांवरचा रोष जगजाहीर असल्यामुळें, त्यांच्यापुढें आलेल्या बाईचें म्हणणें आम्हीं साहेबांच्याच खात्यावर मांडून टाकलें. त्यांचे अर्ज, त्यांचीं पत्रें, विरुद्ध पक्षाचे प्रश्न हें सारें समोर मांडून त्यांच्या बाजूनें उलटतपासणी करणारें प्रकरण एकाही मराठी चरित्रांत आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.