परडीत आधी फुलं होती

मालवण तालुक्यातल्या धामापूर तलावाचं एखादं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. ड्रोन शॉट, मागे बासरी, आणि घोगरा आवाज : ‘हा तलाव सोन्याचे दागिने द्यायचा!’ तीस सेकंदांत खेळ खलास. माझी तक्रार अशी की हे रील गोष्ट ऐन मोक्याला सोडून देतं. मग अर्धीच गोष्ट ऐकलेले लोक भगवतीच्या देवळापाशी येतात, पायऱ्या उतरतात, मनात काहीतरी मागतात आणि पाण्यात नाणं टाकतात.

पूर्ण गोष्ट आमच्या आजोळी अशी सांगतात. घरात लग्न निघालं आणि अंगावर घालायला सोनं नसलं, की परडीत फुलं ठेवून ती तलावात सोडायची. देवीला गाऱ्हाणं घालायचं. दुसऱ्या दिवशी परडी दागिने घेऊन वर यायची. लग्न आटोपलं की दागिने परत पाण्यात. पुढे कुणा एकाने ते परत केले नाहीत. तेव्हापासून तलावाने देणं बंद केलं.

नीट वाचली तर ही उसनवारीची गोष्ट आहे. चमत्कार एका वाक्यात उरकलाय. बाकी सगळा तपशील कसं मागायचं आणि कधी परत करायचं याचा. लग्नाला शेजाऱ्याकडून मोठं पातेलं आणावं आणि घासूनपुसून परत द्यावं, तसाच व्यवहार. पाण्यात माणसाने स्वतःचं म्हणून टाकायचं ते फक्त फूल, म्हणजे चार दिवसांत कुजून जाणारी वस्तू. आणि ज्याने दागिने दाबले त्याला नाव नाही, घराणं नाही. कुठल्याही घरातल्या पोराला आजीने त्याच्याकडे संशयाने बघत ही गोष्ट सांगावी, इतकी ती जागा मोकळी ठेवलीय.

रीलवाल्याने नेमकं हेच कापलं. त्या जागी आली ती रोमच्या ट्रेवी कारंज्याची कल्पना. 1954 च्या ‘थ्री कॉइन्स इन द फाउंटन’ या हॉलिवूडपटाने ती जगभर नेली. पण ट्रेवी हे बांधीव कारंजं. तिथली नाणी नियमित काढली जातात आणि पैसे कारितास या संस्थेमार्फत गरजूंसाठी वापरतात. धामापूरला कोण उतरणार तळाशी? अमेरिकेत यलोस्टोनचं मॉर्निंग ग्लोरी हे उष्ण पाण्याचं कुंड बघा. पर्यटकांनी टाकलेल्या नाण्यांनी आणि कचऱ्याने त्याचं खालचं तोंड अडलं, पाणी थंड होत गेलं आणि निळ्या कडांवर पिवळा-नारिंगी रंग चढला.

‘तांब्याचं नाणं पाणी शुद्ध करतं’ हा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरही येतो, आणि तो पाठवणारे सगळे इंजिनिअर. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू मरतात, खरं आहे. पण अख्ख्या तलावात एक नाणं? शिवाय 1992 पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा निघू लागला. असो.

धामापूर तलाव 1530 च्या सुमाराचा. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने त्याला वारसा म्हणून मान दिला. रीलमध्ये हे सांगतात. मालवण शहराच्या नळाला याच तलावाचं पाणी येतं, हे मात्र सांगत नाहीत. हॉटेलात सोलकढीच्या शेजारी ठेवलेला तांब्या कुठून भरला असेल, याचा विचार नाणं टाकताना कुणाच्या मनात येत नसावा.

माझ्याही आला नव्हता. दहा वर्षांचा असताना मी तिथे रुपया टाकला होता, परीक्षेसाठी. आजी म्हणाली, ‘‘पैसो कित्याक टाकलस? पाण्याक पैसो काय कामाचो?’’ मी खजील झालो, पण मार्क चांगले पडले आणि तिचं बोलणं विसरून गेलो.

गेल्या मे महिन्यात त्याच पायऱ्यांवर एक बाबा मुलाच्या हातात नाणं देत होते. मी आगाऊपणे मुलाला पूर्ण गोष्ट सांगितली, परडीपासून. बाबा कसनुसं हसले, म्हणाले, ‘‘अहो, एकच तर आहे.’’ आणि मुलाच्या हातातून घेऊन स्वतःच टाकलं. मुलाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो मला विचारत होता, ‘‘त्या माणसाने परत का नाही केलं, दादा? त्याच्या घरी अजून एक लग्न होतं का?’’