समकक्षांची पारख

इंग्रजींत ज्याला ‘पीअर रिव्ह्यू’ म्हणतात, त्याचें ‘समवयस्कांचें परीक्षण’ असें मराठी भाषांतर अधूनमधून वाचावयास मिळतें. जणूं लेखक व परीक्षक यांच्या जन्मपत्रिकाच जुळवावयाच्या आहेत! येथें प्रश्न वयाचा नसून अधिकाराचा आहे. म्हणून आम्ही त्यास ‘समकक्ष-परीक्षण’ म्हणूं. संशोधकाचा लेख आला कीं संपादक तो त्याच विषयांत मुरलेल्या दोघां-तिघां विद्वानांकडे धाडतो. परीक्षकाचें नांव बहुधा लेखकास कळत नाहीं. कित्येक ठिकाणीं लेखकाचें नांवहि परीक्षकास कळूं देत नाहींत. परीक्षक पुरावा तपासतो, तर्काचे सांधे ठोकून पाहतो, आणि लेख स्वीकारावा, सुधारून घ्यावा कीं परत करावा, याविषयीं अभिप्राय देतो. या श्रमाबद्दल त्याला बहुधा कवडीहि मिळत नाहीं. अखेरचा निर्णय संपादकाचा.

ही पद्धति अनादि असल्याच्या भक्तिभावानें तिच्याविषयीं बोललें जातें. वस्तुस्थिति निराळी आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचें नियतकालिक १६६५ सालीं निघालें. परंतु लेखी अभिप्राय मागविण्याचा प्रघात तेथें पडला तो १८३२ च्या सुमारास, आणि ‘नेचर’ या सुप्रसिद्ध साप्ताहिकानें तर तो नियम १९७३ सालीं केला. गमतीची गोष्ट अशी कीं, सोसायटीनें आरंभींच ज्या दोघांकडे एअरीचा ज्योतिषविषयक लेख सोपविला, त्या ह्यूएल व लबक यांचेंच एकमत होईना. एकाला लेखाची थोरवी सांगावयाची होती, दुसऱ्याला त्यांतील उणिवा. मतभेद हा या पद्धतीचा जन्मस्वभावच आहे.

आम्हां नागपूरकरांस याचें उदाहरण दूर शोधावयास नको. मेघदूतांतील रामगिरि म्हणजे आपलें रामटेक, हें मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं आग्रहानें मांडलें. दुसरा पक्ष सरगुज्याच्या रामगढाचा होता. रामटेक आपल्या गांवाजवळ आहे, एवढ्यावर मिराशी थांबले नाहींत. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिच्या रिद्धपूर ताम्रपटांतील रामगिरिस्वामीचा उल्लेख त्यांनीं पुढें ठेवला, आणि उत्तरेकडे निघालेल्या मेघाच्या वाटेचाहि विचार केला. पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून सिद्धान्त नाहीं, हा आमच्या शास्त्रार्थाचा जुना दंडक; समकक्ष-परीक्षणाचें मर्महि तेंच. फरक एवढाच कीं, वाद वाचकांच्या देखत चालतो, आणि परीक्षण छपाईपूर्वीं, पडद्याआड.

हें मर्म हरवलें तें लेखांची मोजदाद सुरू झाल्यापासून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनीं प्राध्यापकाची बढती प्रकाशित लेखांच्या गुणांशीं बांधली. गिऱ्हाइक आलें तसे दुकानदारहि आले : पैसे भरा, चार दिवसांत छापून घ्या, मुखपृष्ठावर ‘समकक्ष-परीक्षित’ हीं अक्षरें आहेतच. मग आयोगानें २०१७ सालीं मान्य नियतकालिकांची यादी केली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठांतील भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं त्या यादींतील, विद्यापीठांनीं सुचविलेलीं, १००९ नियतकालिकें तपासलीं. या वर्गांतील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकें हीन प्रतीचीं असावींत, असा त्यांचा निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्यें २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. हीं नांवें कोणा परक्यानें घुसडलेलीं नव्हतीं. तीं विद्येच्या माहेरघरांतूनच आलेलीं होतीं! त्याच वर्षीं मे महिन्यांत आयोगानें ४,३०५ नियतकालिकें वगळलीं. पुढें ‘केअर’ नांवाची नवी यादी आली. तीहि २०२५ च्या फेब्रुवारींत बंद झाल्याचें जाहीर झालें, व बरेंवाईट ओळखण्याचा भार शिक्षणसंस्थांवर आला.

यादी गेली म्हणून हळहळणारे आमच्या व्यवसायांत पुष्कळ आहेत. यादी नसली कीं वशिला माजेल, हें त्यांचें भय अगदींच निराधार नाहीं. परंतु यादीनें एक मोठा अपकार केला : निवडसमितीला लेख वाचण्याच्या कर्तव्यांतून मोकळें केलें. एखादा तरुण अध्यापक महानुभावांच्या एकाच पोथीवर तीन वर्षें खपतो. शेजारचा तेवढ्या काळांत दहा लेख विकत छापून आणतो. मोजणाऱ्याच्या वहींत पहिल्याचा अंक एक, दुसऱ्याचे दहा. अन्याय होतो तो येथें.

मराठींत आणखी एक अडचण आहे. महानुभावांची सकळ लिपी सहज वाचणारे थोडे. त्यांतून परीक्षक नेमला, तर दुसऱ्याच परिच्छेदांत तो लेखक कोण हें ओळखतो. मग गुप्ततेचा बुरखा केवळ नांवापुरता उरतो, आणि त्याआड स्नेह किंवा असूया निर्धास्तपणें नांदते. अशा लहान क्षेत्रांत परीक्षकानें नांवानिशीं लिहावें, व लेखाबरोबर त्याच्या आक्षेपांचा सारांश छापावा, हें आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतें. कनिष्ठानें ज्येष्ठाचा दोष उघडपणें कसा दाखवावा, असें कोणी विचारील. शंका रास्त आहे; तिचें उत्तर ज्येष्ठांनींच आपल्या वागणुकीनें द्यावयाचें आहे.

नियतकालिकांनीं लेख केव्हां आला, केव्हां सुधारला, हें छापावें. निवडसमितीनें उमेदवाराचे दोनच लेख मागवावे, पण ते वाचावे. एवढें झालें, तर नव्या यादीची वाट पाहण्याचें कारण उरणार नाहीं.