स्वार्थाची नीती आणि वेगळी कपबशी

आयन रँड यांचा 'द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस' हा निबंधसंग्रह १९६४ साली प्रसिद्ध झाला. विवेकनिष्ठ स्वार्थ हाच व्यक्तीच्या नीतीचा पाया, हे त्यातले प्रतिपादन. कोणी कोणासाठी बळी जाऊ नये, कोणी कोणाचा बळी घेऊ नये. व्यवहार व्हावा तो स्वेच्छेने, मोलाला मोल देऊन. 'स्वार्थ' हा शब्द ऐकताच आपले पांढरपेशे समीक्षक नाक मुरडतात. मी मुरडणार नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सेवा हाच तुमचा धर्म असे बजावले गेले, त्यांनी 'मी माझ्यासाठी जगेन' म्हणणे हा विद्रोहच आहे. त्यागाचा उपदेश करणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा रँडबाईंचा प्रश्न आपलाही आहे.

पण याच संग्रहात वंशवादावरचा १९६३ चा निबंध आहे. वंशवाद हा समूहवादाचा सर्वांत हीन प्रकार, असे त्या ठणकावून सांगतात. येथवर आपण त्यांच्याबरोबर आहोत. पुढे मात्र त्या नागरी हक्कांच्या तेव्हाच्या विधेयकाकडे वळतात आणि खाजगी धंद्यातील भेदभावावर कायद्याने बंदी घालण्यास विरोध करतात. भेदभाव अनैतिक खरा, पण मालमत्ता मालकाची. त्याच्यावर बहिष्कार टाका, कायदा नको, असा त्यांचा निवाडा.

हा निवाडा अनुभवावर घासून पाहू. १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात खाण्याच्या काउंटरवर बसले. त्यांना वाढण्यास नकार मिळाला. त्याच दुकानाने दुसऱ्या काउंटरवर त्यांना माल विकून पैसे घेतले होते! मालक वेडा होता काय? मुळीच नाही. गोरे गिऱ्हाईक तुटू नये, एवढाच त्याचा हिशेब. आपल्या गावच्या हॉटेलवाल्याने वेगळी कपबशी ठेवली तीही याच हिशेबाने. समाजच विषमतेचा असेल तर विषमता पाळणेच नफ्याचे ठरते. रँडबाईंचा विवेक ही गाठ सोडवत नाही. बहिष्काराचे हत्यारही ज्याची खरेदी मोठी त्याच्याच हाती चालते. गावाने आपल्यावर घातलेला बहिष्कार आपण विसरलेलो नाही.

म्हणूनच भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांची नावे घेऊन भेदभावाला मनाई केली. मोलाला मोल देण्याआधी माणूस गिऱ्हाईक म्हणून दारात उभा राहू शकला पाहिजे. रँडबाईंचा 'मी' जन्मतःच दाराच्या आत आहे. आपल्या 'मी'ला आत येण्यासाठी इतरांसोबत झगडावे लागले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्यांना मार खावा लागला. एकेकट्याने नफातोटा मांडला असता तर कोणी तळ्यावर गेलाच नसता.

आज आपल्यातले शिकलेले तरुण स्वतःचे बघण्यालाच विवेक म्हणू लागले आहेत. त्यांनी स्वतःचे जरूर बघावे. फक्त आपल्या स्वार्थाला हे दार कोणी उघडून दिले, ते या हिशेबात मांडायचे की नाही, याचे उत्तर त्यांनी द्यावे.