गुरुत्वमापन आणि कोयनेची कल्पित खचदरी

पलूसच्या काळ्या जमिनीखालील बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. हवाई बेटावरील किलाउएआ या जागृत ज्वालामुखीवर त्याच त्या ठिकाणी पुनःपुन्हा गुरुत्व मोजून शिलारसाचा संचार ताडता येतो. कृष्णाखोऱ्यात मात्र थिजलेल्या थरांखालील रचनेचाच शोध घ्यावयाचा असतो.

कृष्णब्रह्मम् व नेगी यांनी १९७३ मध्ये मांडलेली उपपत्ती या दृष्टीने धाडसी होती. कोयना व कुर्डुवाडी पट्ट्यांत गुरुत्व कमी भरते. सबब तेथे दक्खन ट्रॅपखाली खचदऱ्या गाडल्या गेल्या असाव्यात, असे त्यांनी अनुमानिले. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर अशा अनुमानाचे महत्त्व उघड होते.

तथापि, गुरुत्वातील घट केवळ हलक्या द्रव्याची सूचना देते; त्याची खोली व आकार एकट्या मापनाने निश्चित होत नाहीत. उथळ गाळ आणि खोलवर जाड झालेले कवच यांपासून सारखेच आकडे मिळू शकतात. खचदरी असती, तर बेसाल्टखाली गाळाचे थर अपेक्षित होते. कोयना परिसरातील वेधनात सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट भेदल्यावर थेट ग्रॅनाइटी पायाच लागला. एका विवराने सारा प्रदेश उलगडत नाही हे खरे. परंतु उपपत्तीचा मुख्य आधार त्याने डळमळीत केला.

ज्वालामुखीवरही भूपृष्ठाची उंची व भूजलपातळी सोबत मोजावी लागते. अन्यथा वाढलेले पाणीच शिलारस ठरावयाचे. म्हणून १९७३ च्या निबंधाचे मोल प्रश्न उपस्थित करण्यात आहे. निर्णय म्हणून तो उद्धृत करणे युक्त नव्हे.