सातबाऱ्याची मांडणी : अंजूरच्या शिवारातून

सॉफ्टवेअर लिहिण्याआधी, ते ज्या कामासाठी लिहायचे त्या कामातली माणसे, हक्क, नियम समजून घ्यावे लागतात. या अभ्यासाला डोमेन विश्लेषण म्हणतात आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या मांडणीला डोमेन मॉडेल. मॉडेलमधले शब्द त्या कामातल्या माणसांच्या तोंडचेच असावेत, हा आग्रह एरिक इव्हान्स यांच्या २००३च्या ग्रंथाने आमच्या व्यवसायात रुजवला. त्या कसोटीवर मला सातबारा वाचायचा आहे, तोही अंजूरचा. वसईच्या मोहिमेतल्या गंगाजी नाईकांचे हे गाव आज भिवंडीच्या गोदामपट्ट्यात आहे.

सातबारा हा एक नमुना नव्हेच. सात नंबरात हक्क : जमीन कोणाची, कोणत्या भोगवट्याने, तिच्यावर इतर हक्क कोणाचे. बारा नंबरात पीक. हीच माहिती आठ-अ खातेदाराच्या बाजूने मांडतो. सातमधले नाव बदलायचे तर आधी सहा नंबरात फेरफाराची नोंद धरावी लागते, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आमच्यापैकी अनेकांना हे पंधरा दिवस नुसती दिरंगाई वाटतील. मला तो या मांडणीचा गाभा वाटतो. बहिणीचे नाव वगळले गेले असेल तर तिला बोलायला तेवढीच जागा असते. कॉम्प्युटर येण्याआधीचे हे मॉडेल आमच्या कचेऱ्यांतल्या फळ्यांवर रेखाटल्या जाणाऱ्या पुष्कळ चौकटींपेक्षा शहाणे आहे.

२०२०मध्ये उताऱ्याचे रूप बदलले. फेरफार प्रलंबित आहे की नाही, हे आता उताऱ्यावरच छापले जाते. तलाठ्याला ठाऊक असलेली गोष्ट खरेदीदारालाही दिसू लागली. विश्लेषण म्हणतात ते हेच. मयत खातेदाराचे नाव पूर्वी कंसात जाई, आता त्यावर आडवी रेघ येते. वाचायला सोपे झाले खरे, पण ‘नाव कंसात गेले’ हा गावचा वाक्प्रचार त्या रेघेखाली गेला. (इव्हान्स यांना हळहळ वाटली असती.)

माझी खरी तक्रार वेगळी आहे. जमीन बिनशेती झाली की बारा नंबर गळतो. त्याची आवश्यकता नाही, अशी सूचना उताऱ्याखाली येते. शेतीपुरते ते बरोबर आहे. पण मग पिकाच्या जागी जे उभे राहिले त्याची दरसाल पाहणी कोणता नमुना करतो? गाव नमुना दोन आहे, पण तो अकृषिक महसुलाचा हिशेब. आकार किती ते सांगतो, आत काय चालते ते नाही. मॉडेलला जमिनीची दोनच रूपे ठाऊक आहेत : पिकणारी आणि न पिकणारी. अंजूरच्या परिसरात मात्र न पिकणाऱ्या जमिनीवरच दिवसरात्र वर्दळ असते. २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी खाचरातल्या भाताचा फोटो मोबाइलवरून स्वतः चढवतो. बांधापलीकडच्या गोदामात रसायनांची पिंपे आहेत की कापडाच्या गाठी, हे त्याच्या उताऱ्याला विचारताच येत नाही.